हाडांचे डॉक्टर की आमवाताचे? आधी दुखणं ओळखा

विड्या वळणाऱ्या आमच्या शेजारच्या काकूंची बोटं सकाळी मिटत नाहीत. जाऊबाईंच्या गुडघेदुखीच्या गोळ्याच त्या घेतात. आता कोणत्या डॉक्टरांकडे जावं, हा पेच.

जाऊबाईंची आहे ती झीज, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस. सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गादी, झिजते, बहुधा पन्नाशीनंतर. गुडघा, खुबा, अंगठ्याचं मूळ दुखतं. चाललं की वाढतं, बसलं की कमी होतं. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासात जातो.

आमवातात, म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्याच्या अस्तरावर उलटते. तो तिशी-चाळिशीतही होतो, बायकांना जास्त. दोन्ही हातांची बोटं, मनगटं सुजतात, ताठरपणा तासभर टिकतो, थकवाही येतो.

झिजेसाठी तपासणी आणि फार तर एक्स-रे पुरतो. आमवाताला आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी या रक्ताच्या तपासण्या लागतात. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला तरी आमवात असू शकतो, हे ध्यानात ठेवा.

खरा फरक वेळेचा. झीज सावकाश वाढते. वजन घटवणं, मांड्यांचे व्यायाम, शेवटी गरज पडली तर सांधेरोपण. आमवातात पहिले काही महिने फार मोलाचे. नुसत्या वेदनाशामकांनी सूज दबते, सांध्याची नासाडी थांबत नाही. त्यासाठी आमवाताचं मेथोट्रेक्सेट हे औषध देतात; ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज नाही. रोज घेतलं तर जिवावर बेततं. यकृताच्या, रक्ताच्या तपासण्या चालू ठेवाव्या लागतात, तो खर्च धरूनच चालावं.

चालताना गुडघा दुखत असेल तर हाडांचे डॉक्टर. बोटं सुजून सकाळी तासभर आखडत असतील, तर काकूंसारख्यांनी आमवाततज्ज्ञच गाठावा, तोही याच महिन्यात.