जुनं झिऑन वर्कस्टेशन की नवीन रायझन?

कमी पैशांत जड डेटा हाताळणारं मशीन हवं असेल, तर सध्या दोनच वाटा विचारात घेण्यासारख्या वाटतात. एक म्हणजे कंपन्यांनी विकायला काढलेलं जुनं वर्कस्टेशन: इंटेलच्या झिऑन ई५-२६९० व्ही४ सारखा १४ कोअरचा सर्व्हर प्रोसेसर आणि रॅमचे आठ स्लॉट. दुसरी म्हणजे नवे भाग घेऊन असेंबल केलेलं, एएमडीच्या रायझन प्रोसेसरचं मशीन, ५७००एक्स किंवा त्याच्या आगेमागचं. ऑफिसात मी रायझनवर काम करतो, घरी झिऑन घेतलं. बेंचमार्क दोन्हींचे भरपूर सापडतील. मी रोजच्या वापरातलं सांगतो.

माझं काम उसाखालच्या क्षेत्राचं. सेंटिनेल-२ उपग्रहाची वर्षभराची चित्रं घ्यायची आणि शेताचा हिरवेपणा कसा चढतो-उतरतो त्यावरून लागण कुठली, खोडवा कुठला, हे ओळखायचं. एका टाइलमध्ये, म्हणजे चित्राच्या एका चौकोनात, १० मीटरच्या प्रत्येक बँडचे (प्रकाशपट्ट्याचे) १०,९८० गुणिले १०,९८०, म्हणजे बारा कोटींहून जास्त पिक्सेल असतात. ३२ बिटांत ठेवला तर एक बँड साधारण ४८० एमबीचा. चार बँड धरा, पावसाळ्यातले ढग वगळून हाती लागलेल्या ३० तारखा धरा. नुसता डेटा उघडायलाच ५८ जीबी लागतात. गणिताच्या मध्ये एखादी प्रत तयार झाली की दुप्पट.

माझा निर्णय झाला तो इथेच. ऑफिसच्या मशीनमध्ये ६४ जीबी रॅम आहे. संध्याकाळी काम लावून घरी जायचं आणि सकाळी टर्मिनलवर एकच शब्द: ‘किल्ड’. रॅम संपली की लिनक्स सगळ्यात जास्त जागा अडवणारा प्रोग्रॅम बंद करून टाकतो. कुठल्या ओळीवर अडलं ते कळत नाही, अर्धवट निकालही हाती राहत नाही. स्वॅप (रॅम कमी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा) वाढवून पाहिला, तर काम मरत नाही, पण इतकं रेंगाळतं की आपणच ते थांबवतो. तुकडे पाडून काम करता येतं, हे खरं आहे. त्यासाठीच डास्क आहे, डकडीबी आहे, मी दोन्ही सॉफ्टवेअर वापरतो. पण माझ्या कामात प्रत्येक पिक्सेलच्या सगळ्या तारखा एकत्र लागतात आणि फायली तारखेप्रमाणे वेगवेगळ्या असतात. पद्धत पक्की झालेली असेल तर तुकड्यांची मांडणी एकदाच करावी लागते. अजून चाचपडत असू, रोज सूत्र बदलत असू, तर अर्धा दिवस त्या मांडणीतच जातो आणि ज्या प्रश्नासाठी बसलो होतो तो बाजूला राहतो. मला हे फार जाचलं.

रायझनमध्ये रॅम वाढवता येत नाही असं नाही. ३२ जीबीच्या चार स्टिक लावून १२८ जीबी होतात. पण अशा चार स्टिक लावल्या की ५००० मालिकेत एएमडी अधिकृतपणे ३२०० ऐवजी २६६७ चाच वेग सांगते. एएम५ सॉकेटच्या पुढच्या ७००० मालिकेतही चार स्टिकना अधिकृत वेग डीडीआर५-३६०० चाच आहे. शिवाय २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव चढले आणि नव्या मशीनच्या खर्चात तिचा वाटा बराच वाढला. जुन्या झिऑनला सर्व्हरमधून निघालेली, चुका पकडून दुरुस्त करणारी रजिस्टर्ड ईसीसी रॅम चालते. ती रायझनच्या बोर्डवर चालत नाही, म्हणून घरगुती गिऱ्हाईक तिच्याकडे फिरकत नाही आणि ती तुलनेनं स्वस्त पडते. १६ जीबीच्या आठ स्टिक लावल्या की चारही चॅनेल (प्रोसेसर आणि रॅममधले मार्ग) भरतात. कागदावर वेग ७६.८ जीबी प्रतिसेकंद, रायझनच्या डीडीआर४-३२०० ला ५१.२.

रायझनची बाजूही तितकीच खरी आहे. पांडाज (पायथॉनमधली डेटा हाताळणारी लायब्ररी) बहुतेक वेळा एकाच कोअरवर चालतं, आणि तिथे रायझन चटकन पुढे जातं. सीएसव्ही उघडताना, ग्रुपबाय म्हणजे गटवार हिशेब करताना फरक हाताला जाणवतो. विजेचं म्हणाल, तर झिऑन १३५ वॅटचं आणि ५७००एक्स ६५ चं. पूर्ण मशीनमध्ये १०० वॅटचा फरक धरला तर दहा तासांत एक युनिट. रोज रात्री काम लावणाऱ्याला लाइट बिलात ते दिसेल. विंडोज ११ ची अधिकृत साथ या झिऑनला नाही, त्यामुळे लिनक्स नको असेल तर हा विषय इथेच संपवा. आणि ब्रँडेड वर्कस्टेशनचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) बऱ्याचदा त्याच मॉडेलचा लागतो, बाजारातला कुठलाही बसत नाही. माझ्या मते मशीनबरोबरच एक जादा घेऊन ठेवावा.

तुमचा डेटा २०-२५ जीबीच्या आत बसत असेल किंवा सगळं काम एसक्यूएलमध्ये होत असेल, तर रायझन घ्या, निवांत राहाल. डेटा अख्खा रॅममध्ये उघडून त्याच्याशी झटापट करायची असेल, तर मी तरी पुन्हा झिऑनच घेईन.

घेताना, मग ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो की गावातल्या ओळखीच्या दुकानात, सगळ्या स्टिक लावून मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) रात्रभर चालवायला सांगा. जुन्या बोर्डावर एखादा स्लॉट मेलेला निघतो आणि तो चार स्टिक लावून कळत नाही. टेस्टिंग वॉरंटी किती दिवसांची, ते बिलावर लिहून घ्या. एनव्हीएमई ड्राइव्ह (वेगवान एसएसडी) पीसीआय कार्डावर बसते. बायॉस (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) तिच्यावरून बूट होऊ देत नसेल तर सिस्टिम साध्या साटा एसएसडीवर ठेवा आणि एनव्हीएमई डेटासाठी मोकळी सोडा.