मुलांसाठी कविता स्टेजवर: ट्रॅक लावून की तोंडाने म्हणून?

दिवाळी संपली की गॅदरिंगचा सीझन सुरू होतो आणि ओळखीतलं कुणी ना कुणी फोन करतंच, की यंदा नाच-गाणी नकोत, मराठी कवितांचं काहीतरी बसवायचंय, बघणारी पण पोरंच आहेत, बालवाडी ते चौथी-पाचवी, तर कसं करू. रस्ते तसे दोनच. एक म्हणजे ट्रॅक: कविता आधी रेकॉर्ड करून घ्यायची किंवा आयती शोधायची, पोरं तिच्यावर ओठ हलवत नाचणार, मागं एलईडीवर ढग आणि मोर. दुसरा म्हणजे तोंडाने: कविता तिथंच म्हटली जाणार, बाजूला ढोलकी-पेटी, बाकीचे करून दाखवणार. शाळांमध्ये आणि आमच्या सुट्टीतल्या मुलांच्या ग्रुपमध्ये मिळून मी दोन्ही केलंय, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी ट्रॅकच्या बाजूने बोलतो, कारण त्याला उगाच नावं ठेवायची फॅशन झालीय. पटांगणावर मांडव घातलाय, मागं जनरेटर घुमतोय, स्टेजवर एका वेळी साठ पोरं आहेत आणि प्रत्येकाची आई मोबाईल वर धरून उभी आहे, अशा ठिकाणी दुसरं काही चालतच नाही हो. ट्रॅक व्हॉट्सॲपवर टाकला की घरोघरी प्रॅक्टिस होते, बाईंना सूर-ताल कळलाच पाहिजे असं नाही, लाईटवाल्याला पण माहीत असतं की अमुक सेकंदाला निळा टाकायचा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, सगळी पोरं स्टेजवर येतात. तोंडाने करायचं म्हटलं की दहा-बाराच पोरं धडपणे बसवता येतात आणि मग उरलेल्यांच्या पालकांना तोंड द्यायचं ते वेगळंच.

खर्चाचं म्हणाल तर माझ्या अंदाजाने सारखाच पडतो. तिकडं स्टुडिओ, इकडं वाजवणारे. आपल्याकडं सांगलीत, शेजारी मिरजेसारखं गाण्याबजावण्याचं गाव असल्यावर पेटी-तबल्याला माणूस मिळत नाही अशी तक्रार कुणी करू नये. मेहनत मात्र तोंडाच्या प्रकारात जास्त आहे, ते मान्य.

आता मला जे खटकलं ते. कविता म्हणजे पाडगावकरांचं सांग सांग भोलानाथ, सगळ्यांना पाठ असलेलं. ती अख्खी कविता प्रश्नांचीच आहे. सुट्टी मिळेल काय असं विचारलं की समोर बसलेली पोरं गप्प कशी बसतील? एका गॅदरिंगला पुढच्या सगळ्या पोरांनी एकसाथ "मिळेssल!" म्हणून आरोळी ठोकली, हॉल दणाणला, मला वाटलं आता मजा येणार, आणि ट्रॅक आपला चाललाय पुढं. पुढची ओळ त्या गोंगाटात गेली, स्टेजवरच्या पोरांना ती ऐकूच आली नाही, दोघी एक स्टेप मागं पडल्या, एक पोरगा हसायला लागला. पुढच्या प्रश्नाला पोरांनी परत उत्तर दिलं, पण आवाज निम्म्यावर आलेला. तिसऱ्याला तर कुणी तोंडच उघडलं नाही. आपलं कुणी ऐकत नाहीये हे लहान पोरांना फार लवकर कळतं, आणि मग ती टीव्हीसमोर बसल्यासारखी बसतात. ट्रॅक थांबत नाही, एवढीच माझी तक्रार आहे बघा, बाकी सगळं मी चालवून घेतलं असतं. साऊंडवाल्याला खूण करून पॉज मारायला लावायचा प्रयोग पण करून झाला, तो एकतर उशिरा मारतो नाहीतर चहाला गेलेला असतो.

हीच कविता नंतर तोंडाने केली. म्हणणारी आमच्या ग्रुपमधली एक धिटुकली ताई, कॉलेजला जाणारी. शाळेभोवती तळं साचायची ओळ आली आणि खालून एक पोरगं उठून ओरडलं, "आमच्या शाळेत खरंच आलं होतं पाणी!" सांगलीच ती, 2019 आणि 2021 चा पूर घराघरात अजून बोलला जातो, ज्यांचा तेव्हा जन्मच झाला नव्हता ती पण छातीठोक सांगतात. ताईने ढोलकीवाल्याला हातानेच थांबवलं, "कुठपर्यंत?" म्हणून विचारलं. पोराने हात डोक्याच्या वर नेला. शेजारच्याने त्याच्याहून वर नेला. मग सगळ्या हॉलचे हात वर, आणि तशाच हातांनी पुढची ओळ सगळ्यांनी मिळून म्हटली. हे बसवलेलं नव्हतं आणि बसवता पण येणार नाही.

दुसरा फरक जरा बारीक आहे, पण शिक्षकांना उपयोगी पडेल. बालकवींची "श्रावणमासी हर्ष मानसी हिरवळ दाटे चोहिकडे" ही ओळ बोटांवर मोजून बघा. आठ, आठ, आठ आणि शेवटी सहा मात्रा. केरवा तालाच्या आठ मात्रांत बसवली की शेवटी दोन मात्रा मोकळ्या राहतात, आणि पोरगं नेमकं तिथं श्वास घेतं आणि पुढची ओळ आठवतं. अडलं तर ढोलकीवाला अजून एक आवर्तन मारतो, कुणाला पत्ता लागत नाही. ट्रॅकमध्ये त्या मोकळ्या जागेत बासरीचा तुकडा भरलेला असतो, नाचाला बरा म्हणून वेग पण वाढवलेला, की गेलं. शिवाय ओठ हलवणाऱ्या पोराला कविता पाठ असायची गरजच नसते, कार्यक्रम झाल्यावर विचारा, स्टेप सांगेल, ओळ नाही सांगणार. सगळ्यांचंच असं होत असेल असं मी म्हणत नाही, मी बघितलेल्यांचं झालं.

तोंडाच्या प्रकाराला लोक एक अडचण नेहमी सांगतात, की पोरांना एकाच वेळी म्हणायला आणि करायला जमत नाही, दम लागतो, आवाज जातो. बरोबर आहे. पण ह्याचं उत्तर सांगलीत तरी बाहेर शोधायला नको. 5 नोव्हेंबरला आपण ज्याच्यासाठी रंगभूमी दिन करतो ते विष्णुदास भाव्यांचं 1843 चं, इथंच सांगलीत झालेलं सीता स्वयंवर नाटक, त्यात पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं त्यावर अभिनय करायची, मधली भाषणं तर आयत्या वेळची. पात्रांनी आपापली पदं आपणच म्हणायची हे पुढं किर्लोस्करांच्या 1880 च्या शाकुंतल नाटकापासून रुळलं. तेव्हा एका कडेला सूत्रधार उभा करा, त्याच्याबरोबर दोन-तीन पोरं झांजा घेऊन, बाकीच्यांनी मोर, पाऊस, मास्तर काय व्हायचं ते व्हावं. सूत्रधाराने प्रेक्षकांकडं बघत म्हणायचं, कागदात बघत नाही, ही एकच अट.

माईकचं म्हणाल तर प्रत्येकाला कॉलर माईक लावायच्या भानगडीत पडू नका, झगमगत्या कपड्यांवर नुसता खरखरतो. सूत्रधाराला एक स्टँड, झांजवाल्या पोरांना एक, पोरांच्या उंचीला आणून. भावे नाट्यमंदिर किंवा दीनानाथसारखं बंदिस्त नाट्यगृह असेल तर एवढ्यात भागतं. उघड्या पटांगणात मात्र हा प्रकार पडतो, तिथं मी पण ट्रॅकच म्हणेन.

परवानगीचं पण बघून ठेवा. कवी जाऊन 60 वर्षं झाली की कविता मोकळी होते, बालकवी 1918 ला गेले, त्यांची काळजी नाही. पाडगावकर गेले 2015 ला, विंदा करंदीकर 2010 ला, त्यांच्या कवितांना हक्क लागू आहेत. शाळेतल्याच शिक्षक-मुलांनी केलं आणि बघायला पण शाळेचेच लोक नि पालक असले तर कायद्यात सूट आहे, पण तिकीट लावून बाहेरच्यांना बोलावलं की रीतसर विचारावं लागतं. आयता ट्रॅक घेतलात तर चालीचा आणि रेकॉर्डिंगचा हक्क परत वेगळा.

तर मोठं गॅदरिंग, पोरं भरपूर, पटांगण, असं असेल तर ट्रॅक घ्या आणि मनाला लावून घेऊ नका. हॉल असेल, दहा-बारा पोरं असतील आणि सरावाला हाताशी महिनाभर असेल तर माझ्या मते तरी तोंडानेच करा, पाऊण तासाच्या वर नेऊ नका, आणि समोरची जागा पाहुण्यांच्या सोफ्यांनी अडवू नका, तिथं सतरंजी टाकून पोरांनाच बसवा, कारण उत्तरं तिथूनच येतात.