इंडिकेटरचा दिवा मीटरमध्ये: एकच की डावा-उजवा वेगळा?

बाइकसाठी बाहेरून घेतलेल्या मीटरमध्ये दोन दिव्यांची सोय असेल तर दोनच लावा. डाव्या इंडिकेटरची वायर डाव्या एलईडीच्या पॉझिटिव्हला, उजवी उजव्याला, दोन्ही निगेटिव्ह अर्थिंगला. संपलं काम.

खरी गडबड एका दिव्याच्या मीटरमध्ये होते. अनेक जुन्या गाड्यांत एकच बल्ब डाव्या आणि उजव्या वायरच्या मध्ये जोडलेला असतो आणि बंद बाजूच्या बल्बांतून त्याला अर्थिंग मिळतं. तिथे थेट एलईडी लावला तर तो एकाच बाजूला पेटतो, कारण त्यातून करंट एकाच दिशेने जातो. मीटरचा जुना बल्ब ठेवून चारही इंडिकेटर एलईडी केले, तर त्या बल्बमधून पलीकडे करंट जातो आणि चारही एकदम लुकलुकतात.

यावर उपाय 1एन4007 चे दोन डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग). दोन्ही वायरींवर एकेक, चंदेरी पट्टा दिव्याच्या बाजूला. पट्ट्याकडची टोकं एकत्र करून एलईडीच्या पॉझिटिव्हला द्या, निगेटिव्ह थेट अर्थिंगला. सोल्डर करून प्रत्येक डायोडवर स्लीव्ह (इन्सुलेशनची नळी) चढवाच. हेडलाइटच्या डूममध्ये उघडी टोकं हादऱ्याने एकमेकांना टेकतात. हॅझार्डलाही (चारही इंडिकेटर एकदम लावले तरी) हा दिवा चालतो, जुन्या जोडणीत चालत नव्हता.

सुटा एलईडी असेल तर दोन्ही पद्धतींत प्रत्येकी 1 किलोओहमचा, अर्ध्या वॉटचा रेझिस्टर हवा. चार्जिंगला 14.4 व्होल्ट येतात, रेझिस्टरविना एलईडी लगेच जळतो.

न्यूट्रलचा दिवा मात्र उलटा: पॉझिटिव्ह इग्निशनच्या वायरला, निगेटिव्ह न्यूट्रल स्विचला.