चार महिन्यांच्या वापरानंतर: अमेरिकन फुटबॉलचं हेल्मेट, शोल्डर पॅड आणि बाकीचं सामान

ऑगस्टच्या पहिल्या सरावापासून नोव्हेंबरपर्यंत ओहायोतल्या हायस्कूल फुटबॉलमध्ये वापरलेल्या सामानाचा हा अनुभव. हेल्मेट पॉलिकार्बोनेटच्या कवचाचं, आत हवा भरायच्या गाद्या. शोल्डर पॅड लाइनमनचे, म्हणजे पुढच्या फळीत धडका घेणाऱ्या खेळाडूचे. गर्डल, म्हणजे पँटखालची पॅड लावलेली घट्ट चड्डी, सात पॅडचा. अमेरिकेतले आपले आईबाप मुलासाठी पहिल्यांदा हे घेतात तेव्हा सगळा वेळ मॉडेल निवडण्यात जातो. फरक मापाने पडतो, आणि माप मोसमभर बदलत राहतं.

दुकानात चपखल बसलेलं हेल्मेट ऑक्टोबरमध्ये डोक्यावर फिरायला लागलं. गळती कुठेच नव्हती. ३० अंशांत भरलेली हवा ५ अंशांच्या रात्री सुमारे ८ टक्के आकसते, त्यात केस बारीक कापलेले. म्हणून शुक्रवारच्या सामन्याआधी हेल्मेट बाहेरच्या थंडीत पंधरा-वीस मिनिटं ठेवून मगच तपासायचं. उबदार लॉकर रूममध्ये ते नेहमीच ठीक वाटतं.

पुढची कड भुवयांच्या वर साधारण एक इंच हवी. फेसमास्क (तोंडासमोरची जाळी) धरून डावी-उजवीकडे ओढा: कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर सरकली पाहिजे. कातडी जागेवर राहून हेल्मेट घसरलं तर ते सैल आहे. वरून दाबल्यावर भार टाळूवर जाणवावा, कपाळावर नाही. हवा भरताना हेल्मेट डोक्यावरच असावं आणि केस ओले करावेत, कारण सामन्यात ते घामाने चपटेच होणार असतात. पंपाच्या सुईला ग्लिसरीन लावल्याशिवाय ती आत घालू नका. कोरड्या सुईने व्हॉल्व्हचं रबर फाटतं आणि हवा रोज थोडी थोडी जाते. गादी पंक्चर झाली असं समजून गादीच बदलली जाते, दोष व्हॉल्व्हचा असतो.

हनुवटीच्या पट्ट्याची चारही बटणं लागलीच पाहिजेत, आणि चारही बाजूंचा ताण सारखा हवा. एक बाजू ओढली गेली की हनुवटीची वाटी सरकते आणि धडकेत हेल्मेट तिरकं होतं. फेसमास्कचे स्क्रू दर आठवड्याला हाताने तपासा. घामाने ते गंजतात, मग नट जागेवरच फिरत राहतो आणि स्क्रू निघत नाही. गंज दिसला की लगेच बदललेला बरा. कवचावर रंग किंवा थिनर कधीच नको. पॉलिकार्बोनेटला बारीक चिरा पडतात आणि त्या वरून दिसत नाहीत. पुसायला कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरतो.

शोल्डर पॅडचं माप पाठीमागून, एका खांद्याच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत घ्यायचं. ते चांगले टिकले. दमले ते काखेखालचे इलॅस्टिक पट्टे. ते ताणले की पॅड वर चढतात, हात उंचावला की गळ्यात रुततात आणि खांद्याचं टोक उघडं पडतं. नेमका तिथेच मार बसतो. इलॅस्टिक ढिलं होण्याचं मोठं कारण ड्रायरची उष्णता. उन्हातही नको, गाडीच्या डिकीत तर मुळीच नको. पंख्याखाली उलटे ठेवले की सकाळपर्यंत सुकतात. जादा पट्ट्यांची एक जोडी बॅगेत असू द्या.

गर्डलबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. फक्त गुडघ्याचा पॅड गुडघ्यावरच राहील अशी लांबी बघा. पँट आखूड असली की तो मांडीवर चढतो आणि पंच बाहेर काढतात. माउथगार्ड उकळत्या पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा. पूर्ण पांढरा किंवा पारदर्शक हायस्कूलच्या नियमांत चालत नाही. चावून चावून मागची कड पातळ झाली की नवीन घ्या. फेसमास्कवर डोळ्यांसमोर लावायची व्हायझर रंगीत काचेची घेऊ नका, नियमाने ती स्वच्छ पारदर्शकच लागते.

जुनं हेल्मेट घेणार असाल तर आतलं लेबल आधी वाचा: तयार झाल्याचं वर्ष आणि शेवटच्या रिकंडिशनिंगची (तपासून, दुरुस्त करून पुन्हा वापरायोग्य केल्याची) तारीख. दहा वर्षांपेक्षा जुनं हेल्मेट रिकंडिशनिंगवाल्यांची अमेरिकी संघटना स्वीकारतच नाही. लेबल खरवडलेलं असेल तर किंमत कितीही कमी असो, हातही लावू नका.