एमजीबीचं चार्जिंग: डायनॅमो ठेवायचा की अल्टरनेटर बसवायचा?

1962 ते 1967 या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून निघालेल्या एमजीबी या स्पोर्ट्स कारमध्ये बॅटरी चार्ज करायला लुकास कंपनीचा सी40 डायनॅमो आहे. बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला, म्हणजे अर्थ (बॉडीशी असलेली जोडणी) आपल्या नेहमीच्या गाडीच्या उलट. 1967 च्या अखेरीस सुधारित मार्क टू आली, तिच्यात डायनॅमोच्या जागी जास्त वीज देणारा अल्टरनेटर आणि निगेटिव्ह अर्थ. जुनी गाडी घेतलेल्या माणसाला पहिल्याच महिन्यात सल्ला मिळतो, ‘डायनॅमो काढून टाका.’ माझं आग्रहाचं म्हणणं आहे की आधी मीटर लावा, मग ठरवा.

मी एकदा डायनॅमो उतरवून रिवाइंडिंगला दिला होता. परत बसवला तरी बॅटरी उतरतेच! शेवटी सीटमागच्या दोन सहा-सहा व्होल्टच्या बॅटऱ्यांपाशी गेलो. अर्थ केबलचा लग (टोकाची कडी) वरून चकचकीत होता. नट सैल केला तर खाली हिरवट बुरा आणि गंजलेला पत्रा. कानशीनं घासून घट्ट केला आणि चार्जिंग सुरू झालं. तिथे अल्टरनेटर बसवला असता, तरी बॅटरी उतरतच राहिली असती.

डायनॅमोची परीक्षा सोपी आहे. डायनॅमोवरच्या डी (वीज बाहेर देणारी) आणि एफ (फील्डची) या दोन्ही तारा काढा, दोन्ही टर्मिनल तारेच्या एका तुकड्यानं जोडा, व्होल्टमीटर तिथे आणि बॉडीला लावा. इंजिन हळूहळू मिनिटाला हजार फेऱ्यांपर्यंत न्या. व्होल्टेज न अडखळता चढलं तर डायनॅमो ठीक, दोष वायरिंगमध्ये किंवा चार्जिंग ताब्यात ठेवणाऱ्या कंट्रोल बॉक्समध्ये, ज्याला आपले मेकॅनिक कटआउट म्हणतात. वीस व्होल्टच्या वर मात्र जाऊ देऊ नका. काटा एखाद्या व्होल्टवरच थांबला तर डायनॅमोतली स्थिर फील्ड कॉइल, चार-पाचवर थांबला तर आत फिरणारं आर्मेचर बघा. काहीच दाखवत नसेल तर आधी कार्बन ब्रश.

अल्टरनेटरच्या गाडीत सुरुवात डॅशबोर्डवरच्या चार्जिंगच्या लाल दिव्यापासून करा. इंजिन बंद, चावी चालू, तरी दिवा लागत नाही? अल्टरनेटरचा प्लग काढून त्यातली तपकिरी-पिवळी बारीक तार बॉडीला टेकवा. दिवा लागला तर दोष अल्टरनेटरमध्ये, नाही लागला तर बल्ब किंवा तार. चालू इंजिनवर बॅटरीची केबल कधीही काढू नका, अल्टरनेटरमधले डायोड जळतात.

आता निवड. डायनॅमो 22 अँपिअर देतो, आणि आयडलिंगला जवळपास काहीच नाही, तिथे लाल दिवा मंद लुकलुकला तर तो दोष नव्हे. लुकासचा 16एसीआर अल्टरनेटर 34 देतो. रात्री, पावसात, वायपर आणि हेडलाइट लावून गर्दीतून गाडी न्यायची असेल तर अल्टरनेटरच घ्या. पण मग अर्थ उलटा करावा लागतो, इग्निशन कॉइलच्या तारा बदलाव्या लागतात आणि इलेक्ट्रॉनिक टॅकोमीटर (इंजिनच्या फेऱ्या दाखवणारा) असेल तर तो आतून सुधारून घ्यावा लागतो. कंट्रोल बॉक्सवर डीची जाड तार बीला (बॅटरीच्या तारेला) आणि एफची बारीक तार डब्ल्यूएलला (लाल दिव्याच्या तारेला) जोडतात. मात्र साठ वर्षांच्या त्या जाड तारेवर 34 अँपिअरचा भार टाकू नका. टोक सोलून बघा, तांबं काळं पडलं असेल तर सोबत नवी जाड तार ओढाच.

रविवारी सकाळी शंभर मैल, उन्हात, छत उघडं, एवढंच फिरणं असेल तर माझं मत डायनॅमोच्या बाजूनं. बेअरिंगला दोन थेंब तेल, पट्टा मध्ये दाबल्यावर साधारण अर्धा इंच दबेल इतका ताण, आणि सगळे अर्थ घासून स्वच्छ.