दीड हजाराचे ट्रेकिंग बूट : आठ महिने, १४ ट्रेक आणि एक उघडलेला सोल

कळसूबाईच्या शिड्या उतरत असताना उजव्या बुटाच्या सोलने चवड्यापाशी तोंड उघडलं. सप्टेंबरमधला बुधवार होता. पाऊस थांबून तासभर झाला होता आणि माझ्या मागेपुढे कोणी नव्हतं. शिडीकडे तोंड करून उतरताना तो लोंबता सोल दर पायरीला अडकायचा. आधी पाय वर उचलून सोल सोडवायचा, मग खालची पायरी चाचपायची. चढताना जी शिडी मी दोन-तीन मिनिटांत चढले होते, तिला उतरताना पंधरा मिनिटं लागली असतील. खाली पाय टेकले तेव्हा हात थरथरत होते.

जाताना जिच्या टपरीवर लिंबू सरबत प्यायले होते, त्या मावशींनी सकाळी विचारलं होतं, "एकलीच आली का गं? संगं कोणी नाही?" परतताना मला लंगडत येताना बघून त्यांनी बूट काढायला लावला, सुतळीचे चार वेढे मारले, गाठ घोट्याशी घेतली. "हे बघ पोरी, बारीपर्यंत निघायचं नाही. पण दगडावर पाय घासत चालू नको." सुतळी खरंच पायथ्याच्या बारी गावात घोटीची एसटी येईपर्यंत टिकली. मावशींनी पैसे घेतले नाहीत.

बूट जूनमध्ये ऑनलाइन घेतले, १४९९ रुपयांना. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीतले बहुतेक बूट एकाच पद्धतीने जोडलेले असतात. वरचं कापड, मधला फोमचा थर आणि खालचं रबर हे सगळं फक्त गोंदावर. बुटांची बाकी माहिती विक्रीच्या पानावर असते, ती परत लिहीत बसत नाही. मला बोलायचंय ते सोलबद्दल. एकटीने डोंगरात फिरताना बाकी सगळ्याची सोय लागते. पाणी गावात मिळतं, जेवण सांगून ठेवता येतं, वाट चुकली तर मागे फिरता येतं. सोल उघडला की उतरायचं कसं, हा एकच प्रश्न उरतो.

घरी आल्यावर कंपनीला फोटो पाठवले. पावती होती, सहा महिन्यांच्या वॉरंटीतले जेमतेम तीन संपले होते. पहिलं उत्तर आठ दिवसांनी आलं: खोका आहे का? होता. मग तळव्याचे फोटो मागितले, दोन्ही बाजूंचे फोटो मागितले. त्यानंतर फोनवरच्या मुलाने सांगितलं की बूट पाण्यात वापरल्यामुळे वॉरंटी लागू होत नाही. मी त्याला विचारलं, तुमच्याच जाहिरातीत माणूस हे बूट घालून ओढा ओलांडताना दाखवलाय, ते पाणी नाही का? तो म्हणाला, मॅडम, ते चित्र आहे. शेवटी ३०० रुपयांचं कूपन देऊ केलं, तेही २००० च्या वरच्या खरेदीवर आणि महिन्याभरात वापरायचं. ते मी घेतलं नाही. ट्रेकिंगचे म्हणून विकलेले बूट पावसात घालायचे नसतील, तर तसं खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापा. सह्याद्रीत फिरायला सुरुवात करणारा माणूस पहिला ट्रेक जून-जुलैमध्येच करतो. हे बूट विकणाऱ्याला ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही.

वरचं सगळं मी ऑक्टोबरमध्ये लिहिलं आणि एक तारा दिला. आता फेब्रुवारी आहे. तेच बूट अजून माझ्या पायात आहेत, त्यामुळे ते मत तसंच ठेवणं बरोबर नाही.

डोंबिवलीत आमच्या गल्लीच्या टोकाला चपला-बूट दुरुस्त करणारे काका बसतात. मी त्यांना नुसतं चिकटवून मागितलं होतं. त्यांनी सोल वाकवून बघितला, आतला गोंद नखाने खरवडला. तो भुग्यासारखा सुटला. "ताई, याला शेक दिलाय का?" दिला होता. राजमाचीहून आल्यावर भिजलेले बूट रात्रभर फ्रिजच्या मागे ठेवले होते. ऑगस्टमध्ये कोथळीगडाहून आल्यावर तर दुसऱ्याच दिवशी लोहगडला जायचं म्हणून हेअर ड्रायर लावला होता. उष्णतेने गोंद खराब होऊन सुटतो, हे मला माहीत नव्हतं. म्हणजे सोल उघडण्यात माझाही हात होता आणि हे मला इथे लिहायलाच हवं. तरी कंपनीवरचा राग गेलेला नाही. बूट कसे वाळवायचे याची एक ओळ त्यांनी कुठेही लिहिलेली नव्हती. फोनवरच्या मुलानेही त्याबद्दल काही विचारलं नाही.

काका म्हणाले, "चिकटवून देतो, पण डोंगरात टिकायचं नाही. शिवून घ्या." त्यांनी जुना गोंद खरवडून काढला, नवीन लावला आणि रात्रभर दाबून ठेवला. दुसऱ्या दिवशी दोन्ही बूट कडेने पूर्ण गोल शिवले. शिवण्याआधी त्यांनी रबरात सुरीने बारीक खाच पाडली, म्हणजे दोरा खाचेत बसतो आणि दगडाला घासत नाही. दोरा नायलॉनचा, मेण ओढलेला. दोन बुटांचे १२० रुपये झाले. तुम्ही शिवून घेणार असाल तर खाच पाडायला आवर्जून सांगा. वरवर शिवलेला दोरा कातळावर चार-पाच ट्रेकमध्ये झिजून तुटतो, असं काकांचं म्हणणं. तोटा एकच. शिवताना आरीने पडलेल्या भोकांतून पाणी आत येतं. पण हे बूट आधीही पाणी अडवत नव्हते, त्यामुळे मला फरक जाणवला नाही.

त्यानंतर आठ ट्रेक झाले. हरिश्चंद्रगड पाचनईच्या वाटेने केला आणि रात्र गावातल्या एका घरी काढली. सकाळी केदारेश्वराच्या गुहेत त्या गार पाण्यात बूट काढून उतरले. नंतर कोकणकड्याच्या पठारावर बसून पाय वाळवले आणि तेव्हाही आधी बुटांच्या शिवणीवरून बोट फिरवून बघितलं. आता ती सवयच झाली आहे. वेल्ह्याहून तोरणा चढताना घसारा, म्हणजे पायाखालून सरकणारी सुटी माती-खडी आहे, तिथे बुटाच्या पुढच्या भागावर फार ताण येतो. शिवण हलली नाही. डिसेंबरमध्ये डाव्या बुटाचा दोरा टाचेपाशी दोन टाके उसवला. त्याचे ६० रुपये झाले, कारण काकांनी पूर्ण टाच पुन्हा शिवली.

हिशेब मी वहीत ठेवते. १४९९ अधिक १२० अधिक ६०, म्हणजे १६७९. चौदा ट्रेकना भागलं की ट्रेकमागे १२० रुपये बुटांचे. नव्याने सुरुवात करणाऱ्याला सगळे पाच-सहा हजारांचे बूट घ्यायला सांगतात. मला तेव्हा ते परवडणारे नव्हते. तेवढे पैसे जमेपर्यंत थांबले असते तर हे आठ महिने खिडकीतच गेले असते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. कसाऱ्यापर्यंत लोकल, पुढे घोटीपर्यंत शेअर जीप, घोटीहून बारीला एसटी अशा प्रवासात जेवणासकट पाचशेच्या आत दिवस निघतो. अशा खर्चात पाच हजारांचा बूट म्हणजे दहा ट्रेकचे पैसे पायात घालणं.

बाकी गोष्टी थोडक्यात. माप नेहमीपेक्षा एक नंबर मोठं घ्या आणि जाड मोजे घालून संध्याकाळी घालून बघा, तोवर पाय थोडा सुजलेला असतो. मी नेहमीचाच नंबर घेतला. राजमाचीहून कोंढाण्याकडे उतरताना अंगठा पुढे आपटून नख काळं पडलं, ते पूर्ण यायला डिसेंबर उजाडला. कोरड्या कातळावर पकड चांगली आहे. ओल्या, शेवाळलेल्या दगडावर नाही. कोथळीगडाच्या सुळक्याच्या पोटात कोरलेला जिना पावसात ओला असतो, तिथे मी भिंतीला हात लावून, एकेक पायरी बसत उतरले. या रबरावर तिथे विसंबू नका. लेस चांगल्या आहेत. आतला तळवा दोन महिन्यांत चपटा झाला, तो बाजारातून ८० रुपयांचा बदलला. तो वरच्या हिशेबात धरलेला नाही. वाळवताना आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, दोन तासांनी बदलायचे आणि बूट पंख्याखाली ठेवायचे. फ्रिज नाही, ड्रायर नाही, कडक ऊनही नाही.

एकटीने जाणाऱ्यांनी एवढं जरूर करावं. सॅकच्या वरच्या कप्प्यात दोन मीटर नायलॉनची दोरी, रुंद चिकटपट्टी आणि जुनी लेस ठेवावी. माझ्या सॅकमध्ये त्या दिवशी यातलं काही नव्हतं, म्हणून मावशींच्या सुतळीची वेळ आली. पायथ्याच्या गावात एकाला तरी आपण कुठल्या वाटेने जातोय आणि किती वाजेपर्यंत खाली येऊ हे सांगून जावं. गावातले लोक "एकटीच का" असं विचारतात तेव्हा पूर्वी मला राग यायचा. आता मी थांबून नीट उत्तर देते. वर काही झालं तर मला शोधायला तेच येणार आहेत. परतीच्या शेवटच्या एसटीची वेळ कंडक्टरलाच विचारावी आणि वर पोहोचलो नसलो तरी ठरलेल्या वेळी मागे फिरावं. मी तोरण्याला झुंजार माचीपर्यंत न जाता अशीच परतले होते.

आता तारे साडेतीन. शिवण्याआधीच्या बुटाला मी अजूनही एकच देईन. नवे घेणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की खोका उघडल्यावर वॉरंटीची वाट बघू नका. पहिल्या ट्रेकच्या आधी बूट शिवायला न्या. शिवल्यावर वॉरंटी जाते हे खरं. पण माझ्या वॉरंटीतून नुसतं कूपन पुढे आलं आणि १२० रुपयांतून आठ ट्रेक.

पुढच्या शनिवारी राजगड आहे, गुंजवण्याकडून चोर दरवाजाने. तिथे कातळात हातापायांनी चढावं लागतं, सगळा भार चवड्यावर येतो. काल उजव्या बुटाच्या चवड्याजवळ एका जागी दोरा पांढरा पडलेला दिसला. शुक्रवारी कामावरून येताना काका टपरी बंद करायच्या आत बूट त्यांच्याकडे द्यायचे आहेत.