तयार घटस्थापना संच: परडी उत्तम, घट मात्र कुंभाराकडूनच आणा

वेळूची परडी, काळ्या मातीचं पाकीट, सात धान्यांची पुडी, घट, सुपारी-हळकुंड-खारीक-बदाम, चोळखण आणि वात, असं सगळं एका खोक्यात देणारे संच नवरात्राच्या तोंडावर बाजारात येतात. परडीची वीण घट्ट असते, चोळखणही नेटका. धावपळीच्या घराला सोय आहे, यात वाद नाही.

अडतं ते घटाशी. संचातला घट दिसायला देखणा, पण बाहेरून ऑइलपेंटने रंगवलेला. घट पाझरायला हवा, कारण त्याच्या पाझरानेच भोवतालची माती नऊ दिवस ओलसर राहते. रंगाने मातीची छिद्रं बुजतात. मग धान, म्हणजे घटाभोवतीच्या मातीत पेरलेलं धान्य, सुकतंय असं वाटून घरातलं कुणीतरी वरून तांब्याने पाणी घालतं, ते तळाशी साचतं आणि तिसऱ्या-चौथ्या माळेला बुरशीचा पांढरा कापूस दिसतो. घट आदल्या दिवशी भरून कोरड्या फरशीवर ठेवावा. रात्रभरात बाहेरून दमट झाला नाही, तर साधा बिनरंगी घट आणावा. पुढे रोज घटातलं पाणी वाढवायचं आणि धानावर हाताने फक्त शिंपडायचं.

धान्याची पुडीही निवडून घ्यावी लागते. तिच्यात गहू, ज्वारी, सातू, मूग असतात ते ठीक, पण साळीऐवजी (टरफलासकट भाताऐवजी) टरफल काढलेले तांदूळ आणि अख्ख्या हरभऱ्याऐवजी डाळ येते. दोन्ही उगवत नाहीत, कुजतात, आणि शेजारच्या कोंबांनाही बाधतात. किडके, फुटके दाणे काढून उरलेलं धान्य रात्रभर भिजवावं. पाकिटातली माती अर्धा किलोच असते, ती पुरत नाही. परडीत पत्रावळ घालून दोन बोटं मातीचा थर द्यावा, त्यावर धान्य दाटीवाटी न करता पसरावं आणि वर चाळलेल्या मातीचा पातळ थर द्यावा. एवढं सांभाळलं की ललिता पंचमीपर्यंत कोंब वर दिसतात आणि दसऱ्याला तुरा म्हणून खोचण्याजोगं धान हाती येतं. देवघरात उजेड कमी असेल तर ते पिवळंच वाढतं. तो दोष बियाण्याचा नव्हे.

वात तर बोटभरच आहे. अखंड दिव्याला हातभर लांब सुती वात लागते. काजळी झाडताना दिवा जाऊ नये म्हणून आधी शेजारी निरांजन पेटवून ठेवावं. माळ बांधायची दोरीही संचात नाही. माळ नारळावर टेकवू नका, रोज एक वाढते आणि ओझ्याने नारळ कलंडतो. वरच्या खुंटीला दोरी बांधून ती घटावर सोडावी.